टॅमीच्या जर्सीवरचा चिखल

माझ्या नवऱ्याची नोकरी एका न धुतलेल्या जर्सीवर अवलंबून होती, आणि ती जर्सी मी धुतली.

आम्ही अबूधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. माझा नवरा विलास जवळच मुसफ्फामधल्या एका पाइपच्या कंपनीत एकोणीस वर्षं आहे. त्याचे साहेब फर्गस, मूळचे स्कॉटलंडचे. माणूस उत्तम. फक्त त्यांना जुन्या स्कॉटिश फुटबॉलचं वेड. आजच्या नव्हे हं! आजचे खेळाडू त्यांना बघवत नाहीत. त्यांना हवा सत्तर-ऐंशीच्या दशकांतला त्यांच्या गावचा क्लब, ग्लेनबॅरी रोव्हर्स. आपल्याकडे लोक जिंकलेले सामने आठवतात. साहेबांच्या आठवणींत रोव्हर्स कायम हरलेले असायचे, आणि जितका मोठा पराभव, तितके साहेब खूश. "सहा-शून्य! काय दिवस होते ते!"

विलासला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. (लहानपणी तो गल्लीत क्रिकेट खेळायचा, तेही अंपायर म्हणून.) पण साहेब निवृत्त होऊन मायदेशी चालले होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी ते दोघांपैकी एकाचं नाव सुचवणार होते. विलास किंवा कुलकर्णी. कुलकर्णीला मिळाली तर तो आपली माणसं आणणार, त्रेपन्नाव्या वर्षी विलासचा व्हिसा खलास, आणि आमच्या रियाचं इथल्या युनिव्हर्सिटीतलं शेवटचं वर्ष अर्ध्यावर. तेव्हा दोघेही गृहस्थ रोव्हर्सचे पक्के चाहते झाले होते. दहावीच्या परीक्षेला बसावं तसा विलास पाठांतर करायचा आणि मी पोळ्या लाटता लाटता त्याची उजळणी घ्यायची.

"कप सेमीफायनलचा गोलकीपर?"

"जॉक. आडनाव विसरलो."

"गुडघा कुणाचा मोडला?"

"त्याचाच!"

"कुलकर्णीला आडनाव येत असणार," मी म्हणायची. मग तो पुन्हा पाठ करायचा.

साहेबांच्या सामानाची बांधाबांध सुरू झाली आणि एका सोमवारी विलास छातीशी एक कापडी पिशवी धरून घरी आला. आत टॅमीची जर्सी होती. टॅमी म्हणजे रोव्हर्सचा देव. त्या सेमीफायनलनंतर त्याने गेटबाहेर उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या फर्गसला आपली जर्सी दिली होती. पॅकर्सवर साहेबांचा भरवसा नव्हता, म्हणून शनिवारच्या निरोपाच्या पार्टीपर्यंत ती विलासने सांभाळायची होती.

"कुलकर्णीला काय दिलं?" मी विचारलं.

"मफलर!" विलास इतका हसला की त्याला ठसका लागला. पिशवी त्याने देवघराच्या शेजारच्या कपाटात ठेवली आणि मंगळवारी पहाटे तो दोन दिवसांसाठी साइटवर गेला. जाताना म्हणाला, "वसुधा, तिला जप." जपायचं म्हणजे काय करायचं नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

दुपारी कपाट उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरकले. पिशवीत लाल-तपकिरी रंगाची एक जर्सी होती, आणि तिच्या छातीवर, कोपरावर, कमरेवर वाळलेल्या चिखलाचे पोपडे! आता आमच्या घरचा एक नियम आहे. आईकडून आला, तिच्याकडे तिच्या आईकडून. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरातून परत जाताना स्वच्छ जाते, आणि सोबत काहीतरी खायचं जातं. शेजारणीचा डबा असो नाहीतर पातेलं. माझ्या मनात फक्त एवढंच आलं की बिचाऱ्या साहेबांना बायको नाही, कोण धुणार?

मी ती कोमट पाण्यात भिजवली. कॉलरला ब्रश मारला. तीन पाण्यांतून काढली. पहिलं पाणी कोको घातल्यासारखं दिसत होतं, ते ओतताना मला फार समाधान वाटलं, हे इथे नमूद करते. अबूधाबीच्या उन्हात वीस मिनिटांत वाळली. इस्त्री केली, घडी घातली, दोन डांबरगोळ्या ठेवल्या आणि पिशवीत वर चिवड्याचं पाकीट सारलं.

बुधवारी संध्याकाळी विलास आला. आल्या आल्या त्याने रियाला हाक मारली. "ये, तुला इतिहास दाखवतो. त्या दिवशी धो धो पाऊस होता. टॅमी असा घसरत गेला, असा! तो चिखल अजून तस्साच..."

त्याने पिशवीतून चिवडा बाहेर काढला. मग जर्सी.

"वसुधा, माती कुठाय?"

"कसली माती?"

"हिच्यावरची! चिखल! साहेबांनी सत्तेचाळीस वर्षं जपलेला चिखल!"

"तो होय? गेला."

"गेला म्हणजे कुठे गेला?"

मी बाथरूमच्या जाळीकडे बोट दाखवलं. विलास धावत जाऊन खरोखर जाळीत वाकून बघून आला.

"ममा, यू वॉश्ड द मड?" रिया म्हणाली. "दॅट वॉज द होल पॉइंट!"

"मग तसं चिठ्ठीवर लिहायचं ना, चिखल महत्त्वाचा म्हणून!"

विलास पलंगावर बसला. "मफलर बरा होता," एवढंच म्हणाला.

रडारड करून उपयोग नव्हता. चिखल गेला तर चिखल आणायचा, त्यात काय! पण मंडळी, या देशात काय मिळत नाही? वाळवंटात ट्यूलिप मिळतात, डिसेंबरात हापूसचा रस मिळतो. चिखल मिळत नाही. विलासने मागच्या मोकळ्या प्लॉटवरून वाळू आणली, ती कपड्यावर टिकेना, नुसती झटकली तरी जाई. मी नर्सरीतून कुंडीची माती आणली, तिच्यात निम्मा नारळाचा भुसा. जर्सी पायपुसण्यासारखी दिसू लागली.

मग माझी नजर अंगणातल्या तुळशीकडे गेली. तिच्या कुंडीतली माती सासूबाईंनी चिपळूणहून मेतकुटाच्या डब्यातून आणली होती.

"तुळशीची माती? जर्सीला?" विलास दचकला.

"तुळस समजून घेईल. कुलकर्णी घेणार नाही."

माती लाल निघाली. स्कॉटलंडचा चिखल काळपट, म्हणून मी तीत चहाचा घट्ट काढा घातला. विलासच्या फोनमध्ये साहेबांचा जर्सीसकट फोटो होता, तो समोर ठेवून मी उलथन्याने लेप दिला. रियाने लांबून पाहिलं.

"ममा, इट लुक्स लाइक चटनी. समवन हॅज टू स्लाइड इन इट."

मुलीचं म्हणणं बरोबर होतं. घसरल्याशिवाय घसरल्यासारखं दिसत नाही. गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं पार्कात गेलो. तिथल्या हिरवळीवर नुकतंच पाणी मारलं होतं. बाविशीतल्या सडपातळ टॅमीची जर्सी विलासच्या अंगात मुश्किलीने शिरली आणि बेंबीच्या चार बोटं वर थांबली. तो बिचकत उभा राहिला.

"यल्ला, बाबा! पळा!" रिया ओरडली.

विलास धावला आणि पडला. घसरला असं म्हणवत नाही. जिथे पडला तिथेच राहिला. मग मी त्याला खांद्याला धरून दोन फूट पुढे ओढलं आणि कोपर नीट घासून घेतलं. पार्कचा वॉचमन धावत आला.

"मॅडम, साब को क्या हुआ? ॲम्ब्युलन्स बुलाऊँ?"

"कुछ नहीं भैया, ऑफिस का काम है," मी म्हणाले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे विलास! हे काय रे?" पायांत बूट, कपाळाला घामाची पट्टी, आणि गळ्यात (या हवेत!) रोव्हर्सचा मफलर. कुलकर्णी!

"व्यायाम," जमिनीवरून विलास म्हणाला.

कुलकर्णी जर्सीकडे बघत होता. बघत बघतच तो पुढे गेला.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं साहेबांच्या व्हिलावर पोहोचलो. भिंती रिकाम्या, कोपऱ्यात खोक्यांची चवड, आणि मधल्या दिवाणखान्यात आठ-नऊ स्कॉटिश म्हातारे आपापले पराभव एकमेकांना ऐकवत बसलेले. कुणाच्या संघाने शेवटच्या मिनिटाला स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला होता, कुणाचा संघ वर्ल्डकपला जाऊन पहिल्या फेरीत परत आला होता. प्रत्येक पराभवाला टाळ्या. विलासने सेमीफायनलच्या संघाची अकरा नावं घडाघडा म्हटली. कुलकर्णीने बदली खेळाडूही म्हटले.

मग साहेबांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. "दोस्तांनो, एक सरप्राइज!" काठी टेकत एक पांढऱ्या केसांचा माणूस बाहेर आला. मुलीकडे दुबईला आलेला साक्षात टॅमी! म्हातारे उठून उभे राहिले. एकाने डोळे पुसले. साहेबांनी विलासकडे हात केला आणि विलासने पिशवी पुढे केली.

साहेबांनी जर्सी नाकाशी धरली. डोळे मिटले.

"ग्लेनबॅरी," ते पुटपुटले. "नोव्हेंबर. पाऊस."

जर्सी तीर्थासारखी हातोहात फिरली. एकाला तिच्यात डोंगरावरच्या धुक्याचा वास आला. दुसऱ्याला आजोबांच्या शेकोटीचा. (मला चहाचा आला. साखर नव्हती घातली, हे नशीब.)

आणि कुलकर्णी खाकरला. "सर, सांगावं की नाही कळत नाही, पण परवा विलास हीच जर्सी घालून पार्कात लोळत होता. वहिनी त्याला ओढत होत्या."

विलासचा चेहरा त्या पहिल्या पाण्यासारखा झाला. आता जे व्हायचं ते होऊ दे म्हणून मी उठले.

"साहेब, त्याचा दोष नाही. जर्सी मी धुतली. तुमचा चिखल गटारात गेला. हा आमच्या तुळशीचा आहे, चिपळूणचा."

"धुतली?" साहेब खुर्चीत बसले. "सगळी?"

"कॉलरसकट."

विलासची खुर्ची, व्हिसा, रियाचं वर्ष, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून चिपळूणच्या दिशेने गेलं. तेवढ्यात टॅमीने चष्मा लावला आणि जर्सी हातात घेतली.

"चिखल कसला?" तो म्हणाला. "त्या दिवशी मी बेंचवर होतो. मैदानात पाऊलही ठेवलं नाही. मी तुला दिली तेव्हा ही कोरी होती, पोरा. तूच घरी जाताना कुठेतरी पडला असशील."

माझ्या गुन्ह्याची किंमत एका क्षणात कमी झाली. सगळे टॅमीकडे वळले.

"बेंचवर? मी पाहिलंय तुला घसरताना!" साहेब ओरडले.

"तो विली होता."

"तुला आठवत नाही, टॅमी," एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला. "वय झालं तुझं."

"शेवटच्या पंधरा मिनिटांत आलास तू! लंगडत!" दुसरा म्हणाला.

"मी मैदानात होतो की नाही, हे मला माहीत असणार ना!" टॅमी म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता.

इथे कुलकर्णीने आयुष्यातली सर्वांत महागडी गोष्ट केली. त्याने फोन काढला. "सर, टॅमी बरोबर सांगताहेत. हे बघा, रेकॉर्डमध्ये आहे. बदली खेळाडू, न वापरलेला." अभ्यास खराखुरा होता बिचाऱ्याचा!

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फोन खिशात ठेवला, तोही चुकीच्या खिशात. मग ते विलासकडे वळले. "विलास, तू सांग."

एकोणीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार करते आहे (इथेच, त्याआधीची वेगळी), पण तो एवढा ठामपणे बोललेला मी पाहिला नव्हता. "चौऱ्याहत्तरावं मिनिट, सर," तो म्हणाला. "टॅमी आत आला. डावीकडून. घसरला तो थेट जाहिरातींच्या फळ्यांपर्यंत."

"बघ!" साहेब म्हणाले. "चिपळूणच्या माणसाला माहीत आहे!"

म्हातारे टॅमीभोवती जमले. प्रत्येकाने त्याला त्याची घसरण थोडी थोडी समजावून सांगितली. पाऊण तासाने टॅमी स्वतःचा गुडघा चोळू लागला. "हां... गार लागलं होतं खरं," तो म्हणाला. टाळ्या! मग त्याने जर्सी पुन्हा न्याहाळली आणि डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. "इथेही होता चिखल. चांगला जाड."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आहे घरी थोडी माती," मी म्हणाले.

खुर्ची विलासला मिळाली. साहेबांनी जाण्याआधी खांद्याचा चिखल नेला, चिवडाही नेला. आता त्यांच्या गावी काचेच्या चौकटीत ती जर्सी टांगलेली आहे आणि आमची तुळस नर्सरीच्या भुशात तोंड पाडून उभी आहे.

परवा घरी पाहुणे आले होते. मी त्यांना सगळं सांगत होते, की चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला टॅमी कसा आत आला, पाऊस कसा झोडपत होता, आणि तो कसा घसरत गेला.

"ममा," रिया म्हणाली, "ही वॉज ऑन द बेंच. तो स्वतःच म्हणाला, यू टोल्ड मी!"

"तुला काय माहीत गं?" मी म्हणाले. "तू होतीस का तिथे?"

(मी त्या दिवशी चिपळूणला बालवाडीत होते.)