व्रणाखालची हालचाल

छायाताईला सातवा महिना लागला आणि मी पुण्याहून जालन्याची गाडी धरली. ताई माझी मावसबहीण. लहानपणी स्टोव्हचा भडका होऊन तिचं पोट भाजलं होतं. तिथली कातडी जाड, ताठ झालेली. ती बाळाला जागा देईल का, ही सगळ्यांची धास्ती. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. मी तेव्हा प्रयोगशाळेत व्रणांवरच काम करायचे, म्हणून मावशीने बोलावलं.

जालन्याला स्टेशनबाहेर पोहे खाऊन एसटीत बसले. अंबड, घनसावंगी करत ताईच्या गावी, कुंभार पिंपळगावला. जाणार असाल तर बाजाराचा दिवस टाळा, उभं राहायलाही जागा मिळत नाही. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंना कापूस असा फुटलेला की खिडकीतून नजर हटत नव्हती.

ताईने दारातच पोटाकडे बोट दाखवत विचारलं, "हे फाटंल का गं? तू याच्यावरच शिकून राह्यली ना?"

मी सांगितलं, की जखम झाली की शरीर टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सोडतं. ते पेशींना निरोप देतं, धागे विणा, जखम बुजवा. मोठ्या भाजण्यात हा निरोप लवकर थांबत नाही, म्हणून व्रण कडक होतो.

"म्हंजे वैरीच की माझा."

"नाही ताई. जखम बुजवायला तेच धावून आलं होतं."

मग ताई हळूच म्हणाली, "अन् बाळाला डाग येईल?"

"बिलकुल नाही. उलट सुरुवातीच्या महिन्यांत पोटातल्या बाळाला जखम झाली, तर ती व्रण न ठेवता भरते."

ताईने माझा हात ओढून पोटावर ठेवला. त्या खरबरीत कातडीखालून बाळाने लाथ मारली. वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पाहिलेले ते धागे माझ्या तळव्याखाली हलले.

दुसऱ्या दिवशी जीपने जालन्याला, मस्तगड भागातल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी व्रण दाबून पाहिला. "ताणतोय. तेल लावत राहा. चीर पडली तर जल्दी या."

पुण्याला परतले, पण कामात लक्ष लागेना. नवव्या महिन्यात व्रणाला चीर पडलीच. ताईला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं. आणि एका सकाळी मावशीचा फोन आला, "पोरगी झाली! दोघी बराबर हायेत."

"आणि चीर?"

"भरून राह्यली गं."

मी फोन ठेवला. जालन्यातल्या दवाखान्याच्या खाटेवर आईची चीर आणि लेकीची नाळ कापलेली बेंबी एकाच वेळी भरत होती.