सुनेचा गाऊन

सुनेचा मळका गाऊन मी धुतला. आयुष्यात गाढवपणा बऱ्याचदा केला, पण हा सगळ्यात मोठा, आणि तोही रिठ्याच्या पाण्यात घोळून घोळून, अगदी मन लावून केलेला.

सात वर्षं झाली. तेव्हा मी एकसष्टची, म्हणजे तरुण आणि दीडशहाणी. ओरोसला सरकारी कचेरीत हयात गेलेली... दाखला जोडल्याशिवाय माणूस मेला यावरही माझा विश्वास बसत नसे, मग भुताखेतांचं तर सोडाच.

आमचं घर आचऱ्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर, शेवटून दुसरं. मुलगा नितीन आधीच कुवेतला होता. सून रेश्मा नर्स. चार वर्षं धडपडून तिलाही तिथेच नोकरी मिळाली. तीन वर्षांच्या जुईचा व्हिसा व्हायला वर्ष लागणार होतं, तोवर ती माझ्याकडे. निघताना रेश्माने अंगातला गाऊन दारामागच्या खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "आई, ह्यो हंयच ऱ्हवांदे."

कशाला, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जुई रोज दुपारी त्याची बाही नाकाशी धरून झोपायची. दहाव्या दिवशी मला वाटलं, पोरीच्या नाकातोंडात ही घाण कशाला... टाकला धुवायला. वर इस्त्रीसुद्धा केली. हौस दांडगी.

दुपारी जुईने बाही हुंगली. रडली नाही. गाऊन माझ्या हातात परत दिला.

"ह्यो आयेचो नाय."

पुढचे चार दिवस दुपारची झोप नाही, पोटात जेमतेम चार घास. फोनवर आई दिसली की तोंड फिरवायची. चौथ्या दिवशी रेश्मा म्हणाली, "आई, खरा सांगा. जेवता मां ती? नायतर मी नोकरी सोडून येतंय."

"मजेत आसा गो. लाडात इली हा, दुसरा काय नाय."

धुतल्याचं मात्र गिळून टाकलं.

पाचव्या दुपारी — अडीच वाजले असतील — मी अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलथत होते. आत आले तर जुई खुंटीखाली गाढ झोपलेली, गाऊन अंगावर ओढून. मी वाकून बाही हुंगली. खोबरेल, पावडर आणि रेश्माचा घाम... तोच तो वास.

मग कचेरीची सवय, साक्षीदार हवा. शेजारच्या शालनला बोलावलं आणि काही न सांगता बाही तिच्या नाकाशी धरली.

"रेश्माचो मां ह्यो?" शालन म्हणाली. "इतक्या दिसांत धुवक काय झाला तुका, आळशे?"

संध्याकाळी परत हुंगला तर नुसता रिठा. पण जुई उठून दोन वाट्या पेज जेवली, आणि फोनवर शालनच्या मांजरीला किती पिल्लं झाली ते आईला सांगत बसली. रेश्माने परत यायचा विषय काढला नाही.

खोबरेल घरोघरी असतं, घाम जुईचाच असेल, माझं नाक म्हातारं झालं असेल... सगळं लावून पाहिलं. पण शालनच्या नाकाचं काय करू? ही फाईल माझ्याकडून आजवर बंद झालेली नाही.

वर्षाने रेश्मा जुईला न्यायला आली. बॅगा भरताना मी एकदाचं कबूल केलं, की गाऊन धुतला होता. कधी, कशानं, ते नाही सांगितलं. ती जुईच्या फ्रॉकांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली,

"माका म्हायत आसा, आई. जुई परत फोनार बोलाक लागली ना, त्या दुपारी ड्युटीवर माझ्या हातांका रिठ्याचो वास येय होतो. कितीदा हात धुतलंय, जाय नाय. मगे रूमार जाऊन तोच हात नाकाक लावन निजलंय."