आईची कवळी आणि पार्टिशनपलीकडचे बाबा

मंडळी, आज पनवेलमध्ये दातांच्या दवाखान्यात मी इतकी हसले की डॉक्टरबाईंना हातातलं काम थांबवावं लागलं.

आईच्या हिरड्या सुजून रक्त येत होतं, म्हणून तिला आणि बाबांना मोरा गावाहून माझ्याकडे बोलावून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, कवळीखाली बुरशी झालीय. ती जाळं विणते आणि उरलेल्या दातांच्या कडेचे जंतू त्यात लपतात. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून नुसत्या औषधाने भागणार नाही. रोज रात्री कवळी काढून, घासून पाण्यात ठेवा."

"रातची काढायची? नाय जमायचं," आई म्हणाली. मग हळूच, "यांनी मला तशी कदी बघितलीच नाय."

पार्टिशनपलीकडे बाकावर बसलेले बाबा तिथूनच ओरडले, "अगो, काढ! मी पन रोज तू झोपल्यावर काढतो नि तू उठायच्या आदी घालतो!"

आत्ता माझ्या ओट्यावर दोन वाट्यांत दोन कवळ्या शेजारी शेजारी भिजतायत, आणि बाहेर ती दोघं एकमेकांची तोंडं बघून खिदळतायत.

तुमच्या घरात कोण कोणाच्या झोपायची वाट बघतंय, सांगा बरं!