घराण्याची हनुवटी

अहिल्या सेक्शन ऑफिसर. चुकीच्या टिपणीवर ती साहेबालाही फैलावर घ्यायची. पण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये शिरली की सासऱ्यांपुढे तोंडातून अक्षर निघायचं नाही, आणि याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त संताप यायचा.

सासरे बळवंतराव. त्यांना घराण्याच्या हनुवटीचा कोण अभिमान! नात इशिता सात वर्षांची असताना तिचा खालचा जबडा पुढे दिसू लागला, तेव्हा त्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "अस्सल आपलं रक्त! डॉक्टर-बिक्टर काही नको." नवऱ्यानं मान डोलावली. अहिल्या मूग गिळून बसली. दोन वर्षं! आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

यंदा गणपतीच्या नाटुकल्यात इशिताला सलग तिसऱ्यांदा राक्षसीण केलं. "हिला मेकअप लागतच नाही," मंडळाच्या चंद्रप्रभाबाई हसून म्हणाल्या. अहिल्येनं त्यांना भर तालमीत झाडलं आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन दातांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. "ऊपर के दो दाँत बने ही नहीं. ऐसे बच्चों में कई बार ऊपर का जबड़ा भी छोटा रह जाता है, इसलिए नीचे का आगे दिखता है. चेहरे पर पट्टेवाला मास्क लगाएँ तो ऊपर का आगे खिंच सकता है, पर अभी. देर हुई तो फिर ऑपरेशन. घर में और किसी को है?"

घरी हे ऐकून बळवंतराव कडाडले, "मुलीच्या तोंडावर पट्टे? लोक काय म्हणतील!"

अहिल्येची नजर भिंतीवर गेली. लग्न, रिटायरमेंट, आग्र्याची सहल. प्रत्येक फोटोत त्यांचे ओठ घट्ट मिटलेले.

"बाबा, तुम्ही एकाही फोटोत हसला का नाहीत?"

बळवंतरावांनी पाठ फिरवून तोंडातली टाळूची पट्टी काढली आणि बशीत ठेवली. तिच्यावर दोन खोटे दात. "माझेही उगवलेच नाहीत," ते पुटपुटले. "कॉलेजात पोरं फार चिडवायची."

इशिता बशीवर वाकली. "आजोबा, तुमचे पण सेम?"

अहिल्येला त्यांची कीव आली नाही. या माणसाला ठाऊक होतं. चिडवणं काय असतं, तेही ठाऊक होतं. आणि तरी पोरीला तीनदा राक्षसीण होऊ दिलं, वर टाळ्या वाजवल्या.

बळवंतरावांनी घाईनं बशीकडे हात नेला. अहिल्येनं ती आपल्याकडे ओढली.

"उद्या दहा वाजता तयार राहा," ती म्हणाली. "घरात आणखी कोणाला आहे, ते डॉक्टरांना तुम्ही सांगायचं. इशितासमोर, तोंड उघडून."