राजदूतकाकांच्या घरची थंडी

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या हर्नडन गावात आल्यागेल्याला ‘कोट काढू नका हं’ असं प्रेमाने बजावणारं घर एकच होतं, आमच्या समोरच्या राजदूतकाकांचं. काका परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन मुलीमुळे इकडे आलेले. राजदूत ते कधीच नव्हते. ती बढती आम्ही मराठी मंडळींनी त्यांना परस्पर देऊन टाकली होती. ब्रसेल्सला नोकरीत असताना त्यांना जुन्या फ्लेमिश, म्हणजे तिकडच्याच, चित्रांचं वेड लागलं. ओकच्या फळ्यांवर रंगवलेली, पाचेकशे वर्षांपूर्वीची पाच छोटी चित्रं त्यांनी जमवली आणि लेकरांसारखी जपली. त्यांतलं सर्वांत लाडकं, बाळ येशूला कुशीत घेतलेल्या मेरीचं. हीटरच्या कोरड्या हवेने फळ्या तडकतात, म्हणून भर जानेवारीतही त्यांच्याकडे हीटर जेमतेम चाले. हवेत ओल राहावी म्हणून प्रत्येक चित्राखाली पाण्याचं पातेलं आणि सोफ्यामागे दोरीवर ओले पंचे. एकदा माझ्या बायकोने त्यातलंच एक पातेलं चहाला ठेवलं, तर काका कळवळून म्हणाले, “अगं, ते मेरीचं पाणी होतं!”

काकू दोन स्वेटर आणि कानटोपी घालून पोहे करायच्या. बशी दिली की लगेच गॅसवर हात शेकायच्या. “अहो, हीटर थोडा वाढवू या का?” असं त्या दर वेळी विचारायच्या आणि काका सरकारी गांभीर्याने म्हणायचे, “विचाराधीन आहे.” काकू आमच्याकडे वळून, “म्हणजे नाही!” असं म्हणत हसायच्या. आम्हीही हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात काकू न्यूमोनियाने गेल्या. वयामुळे झालं, थंडीचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. काकांनी ते मान हलवून ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी मी डबा घेऊन गेलो. सवयीने कोट घालूनच बसलो आणि दोन मिनिटांत घामाघूम झालो. पंचे काढलेले होते, पातेली ओट्यावर पालथी होती. भिंतीवर मेरीच्या कपाळापासून बाळाच्या हातापर्यंत सरळ चीर गेली होती.

“काका, हीटिंग फुल ऑन आहे! पेंटिंग क्रॅक झालंय. बंद करतो थांबा.”

काकांनी माझा हात धरला. “राहू दे रे. तिचा अर्ज मंजूर केलाय.”

मी हीटर बंद केला नाही. काकांनी माझा कोट स्वतः काढून घेतला आणि दारामागे, काकूंच्या दोन स्वेटरांशेजारी टांगला.