दाजींचा तिसरा गिअर

दुसऱ्याच्या घरातला ढिला स्क्रू दिसला की ज्याला जेवण गोड लागत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे जाफराबादचे दाजी. बंडीच्या खिशात कायम एक पाना. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाच्या खांबाशी वाकलेले. निम्म्या अक्षता यांच्याच पाठीवर पडल्या. "तुमचं लगन पक्कंच होतं हो, खांब हालून राह्यल्ता," असं वर त्यांनी मला समजावलं.

अशा माणसाची स्वतःची गाडी मात्र गावाच्या थट्टेचा विषय होती. जालना वेगळा जिल्हा झाला त्या साली त्यांनी एक म्हातारी विलायती पिकअप घेतली. तिला हँडगिअर, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच खांबाला. दांड्याला घट्ट धरणारं आतलं कडं, म्हणजे बुश, झिजलेला, त्यामुळे दांडा खुळखुळायचा आणि तिसरा गिअर टाकला की थोड्या वेळानं निसटायचा. मग दाजी म्हणायचे, "धर." शेजारी बसलेली माझी बहीण, अक्का, दांडा दाबून म्हणायची, "धरला." जालना येईपर्यंत ती तशीच धरून बसायची. गावभराचे पंप दुरुस्त करणारे दाजी या दांड्याला मात्र जुन्या चपलेच्या चामड्याची चकती लावायचे, आणि ती दोन महिन्यांत झिजायची. मी म्हणायचो, "दाजी, एकदाचा पितळी बुश बसवा की!"

"बसवू ना. काय जल्दी हाय?"

वीस वर्षं त्यांना जल्दी नव्हती. मी आपला त्यांना 'दिव्याखाली अंधार' म्हणून चिडवत राहिलो.

मग अक्का गेली. पिकअप पत्र्याखाली उभी राहिली. दांडा धरायला कोणी नाही, म्हणून भाच्यानं ती भंगारात द्यायची ठरवली. दाजी त्याला म्हणाले, "एकदा जालन्याला नेऊन दाखवतो. न्हाई जमलं तं खुशाल वीक." आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. एसटीनं जाऊन आम्ही जुन्या जालन्यातल्या लेथवरून बुश करून आणला. दाजींनी चामड्याचे तुकडे काढले, बुश ठोकला, ग्रीस भरलं. आणलेला चहा निवायच्या आत काम संपलं.

"एवढंच होतं? मग इतकी वर्षं का नाही केलं?" मला राहवेना.

ते पाना पुसत राहिले. "घर भरलेलं. थोरल्यांपुढं तिच्याशी बोलायची सोय न्हवती. गाडीत तेवढी जवळ बसायची. बुश बसवला असता, तं खिडकीकडं सरकली असती."

इतकी वर्षं त्यांना हसलो याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी निघालो. मी साक्षीदार, दांड्याला हात लावायचा नाही ही दाजींची अट, म्हणून खिडकीशी अंग चोरून बसलो. जालन्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी तिसरा टाकला. गिअर गच्च बसला. मैल गेला, दोन मैल गेले, निसटला नाही. गाडी वाचली हे दोघांनाही कळलं. आणि तेवढ्यात सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "धर."

दांडा तर आता बिलकुल हलत नव्हता.

मी खिडकीपासून सरकलो, दांड्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "धरला, दाजी."

जालना येईपर्यंत त्यांनी मला हात काढा म्हटलं नाही.