दुबईच्या बर्फात आईचं ब्लँकेट

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर एवढंच मला माहीत. माझ्या कितीतरी आधी गावातली माणसं इकडे दुबईला आली, उन्हात उभी राहून त्यांनी इमारती बांधल्या, आणि त्यातल्या कुणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. मग मी कोण? तरी लिहितो. या हिवाळ्यात इथे बर्फावरची एक मोठी स्पर्धा झाली, मी तिथे स्वयंसेवक होतो, आणि त्याबद्दल गावाकडून फोनवर इतके प्रश्न आले की एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं असं वाटलं. जे गावी आहेत त्यांना, आणि जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांनाही.

मी निघालो त्या दुपारी आई फाट्यापर्यंत आली होती. लांज्याकडून येणाऱ्या मुंबईच्या बसला उशीर होता. मोरीच्या कठड्यावर बॅग ठेवून आम्ही दोघं उभे होतो. रडायचं नाही असं तिनं ठरवलं असावं, कारण ती मध्येच काहीतरी विचारायची आणि उत्तर न ऐकता रस्त्याकडे बघायची.

"तिकडं थंडी असते का रे?"

"दुबईला? आई, वाळवंट आहे ते."

"मग तुझे बाबा ब्लँकेटं कशाला पाठवतात?"

तेवढ्यात बस आली, आणि प्रश्न तिथेच राहिला.

ज्यांच्या घरातलं कुणी आखातात आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. जाड, मखमली, मोठाल्या गुलाबांचं ब्लँकेट. सुट्टीवर येणारा प्रत्येक माणूस ते आणतो. आमच्या घामट कोकणात ते पांघरायची सोय नाही, म्हणून ते चेनच्या प्लास्टिक पिशवीत कपाटावर बसतं आणि जावई आला तरच खाली उतरतं. आमचं बाबांनी माझ्या जन्माच्या वर्षी पाठवलं होतं. लहानपणी मी कपाटावर चढून पिशवीची चेन थोडी उघडायचो आणि आत नाक घालायचो. दुबईचा म्हणून जो वास होता, तोच मला बाबांचा वाटायचा.

इकडे आल्यावर बाबा आणि मी एका शहरात राहू लागलो, असं गावाला वाटतं. शहर एक आहे हे खरं. बाबा पार टोकाला, कारखान्यांच्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात राहतात, खिडक्यांच्या कंपनीत काचा आणि अॅल्युमिनियमच्या चौकटी बसवतात. कंपनीच्या खोलीत कुटुंबाला जागा नाही. मी अल मनखूलला मामाकडे असतो. मामाची तन्वी दहा वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत सांगते, आणि दोघांचं बरं चालतं. बाबा रविवारी येतात, मामीच्या हातचं जेवतात, तन्वीच्या अभ्यासाची चौकशी करतात आणि ऊन उतरायच्या आत बस पकडायला निघतात. कुठे फिरायला जाऊ म्हटलं की म्हणतात, "इन्शाल्ला, बघू." बाबांचं इन्शाल्ला ऐकलं की मी तो विषय सोडून देतो.

स्पर्धेची बातमी कॉलेजात कळली तेव्हा मला हसू आलं. मॉलच्या आत बर्फाची घसरण आहे हे ऐकून होतो, पण तिथे देशोदेशीचे खेळाडू पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून शर्यती लावणार? बाहेर लोक टी-शर्टात. मला वाटलं, हे म्हणजे आमच्या गावच्या शेतात कुणी जहाज बांधायला घेण्यासारखं झालं. पण कुतूहल अनावर झालं आणि मी नाव दिलं.

आमच्या गटाची प्रमुख मरियम होती. इथल्या मूळच्या लोकांना आपण सगळे 'लोकल' म्हणतो, तशी ती लोकल, आणि माझ्याच वर्गातली. मला वाटलं होतं, तिला अभिमान वाटत असेल. पहिल्याच दिवशी जाकिटांच्या खोक्यावर बसून ती म्हणाली, "खरं सांगू? मला लाज वाटते. यांच्या घरी बर्फ फुकट पडतो, आणि आम्ही मशीनने बनवून त्यांनाच दाखवतोय. उंटांच्या शर्यती आमच्या. हे आमचं नाही."

"मग नाव का दिलंस?"

"कॉलेजचे सेवेचे तास भरायचेत, हबीबी. तू?"

"बघायला," मी म्हटलं. ती हसली. "तू एकटाच खरा पाहुणा आहेस."

दोन दिवसांनी एका पाहुण्या संघाचा प्रशिक्षक आमच्यासमोरच आपल्या मुलांना म्हणाला, "चला, फ्रिजमध्ये जाऊ या." मुलं हसली. मरियम हसली नाही. संध्याकाळी सामान आवरताना एकदम म्हणाली, "फ्रिज मी म्हणेन. त्याने का म्हणावं?"

मला ते इतकं ओळखीचं वाटलं! आमच्या गावच्या रस्त्याला मी दहा नावं ठेवतो, पण मुंबईच्या चुलतभावाने एक ठेवलं की मला राग येतो. जागा आपली कधी होते, याचा मी तेव्हापासून विचार करतोय. त्या जागेवर प्रेम जडतं तेव्हा, की तिला दुसऱ्याने बोल लावलेला सहन होत नाही तेव्हा? गंमत म्हणजे त्या फ्रिजचा मलाही राग आला होता.

आईला मी फोनवर सांगितलं होतं, "बर्फात उभं राहायचंय." तिथेच चुकलं. बोलणं झालं, मी विसरलो. पंधरवड्याने दुबईतल्याच देऱ्याहून रमाकांतकाकांचा फोन आला. ते आमच्या वाडीतले, नुकतेच सुट्टीवरून परतलेले. "पार्सल आहे तुझं. रिकाम्या हातानं ये, दोन्ही हात लागतील."

त्यांच्या खोलीत गेलो तर सगळे हसायला टपलेलेच. खाटेवर चेनची प्लास्टिकची पिशवी, आणि आत तेच गुलाब.

"अरे, लोक इथून ब्लँकेटं घेऊन जातात," काका कपाळाला हात लावून म्हणाले, "इकडं घेऊन येणारा मी पहिलाच गाढव! तुझ्या या धोंड्यापायी माझं कुळथाचं पीठ मागं राहिलं, कळलं?"

"काका, नाही म्हणायचं होतं..."

"तुझ्या आईला? तू म्हणून बघ."

आईला फोन केला. "आम्हांला जाकीट देतात गं."

"देऊ देत. जाकिटानं पाय झाकतात का? शेवटच्या दिवशी अंगावर घे आणि फोटो पाठव."

शेवटचा दिवस रविवार होता, आणि मला एका माणसासाठी प्रवेशाचा पास मिळाला होता. एवढ्या वर्षांत बाबा तिथे कधी गेले नव्हते. तिकिटाचा आकडा मनातल्या मनात रुपयांत करून ते विषय बदलायचे. आता तर पास फुकट होता. माझी एकच इच्छा होती. ज्यांच्यामुळे मी या शहरात आलो, त्यांनी मला एकदा काहीतरी करताना बघावं. त्यांनी मला शाळेत जाताना बघितलं नाही, पोहताना नाही, दहावीचा निकाल घेऊन आलो तेव्हाही नाही. पास त्यांच्या खिशात घातला तेव्हा ते म्हणाले, "इन्शाल्ला."

त्या दिवशी माझं लक्ष दाराकडे होतं. ज्येष्ठ पाहुण्यांना जाकीट घालून शेवटच्या रेषेजवळ बसवायचं काम माझ्याकडे होतं. शर्यती संपत आल्या. बाबा आले नाहीत. आल्या त्या मरियमच्या आजी. चाकांच्या खुर्चीत, काळ्या पायघोळ अबायात, आणि एकही जाकीट त्यांच्या अंगावर बसेना. मरियम कावरीबावरी झाली. तिला वाटत होतं, आजी हे सगळं बघून रागावणार. मी फोटोसाठी आणलेल्या पिशवीची चेन उघडली.

आजींनी ब्लँकेट हाताने चाचपलं. जुनी लोकल माणसं हिंदी बोलतात. "मेरा घर में भी ऐसा है," त्या म्हणाल्या, "यह किधर से लिया?"

"मेरी माँ ने भेजा. गाँव से."

गुलाब हनुवटीपर्यंत ओढून त्या खाली वाकल्या, मूठभर बर्फ उचलला आणि सरळ तोंडात टाकला. मग इतक्या मोठ्याने हसल्या की रेषेवर आलेल्या खेळाडूने वळून बघितलं. मरियमने माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते. "यल्ला, आजी, पुरे!" म्हणत ती बर्फ झटकत होती, आणि आजी दुसरी मूठ भरत होत्या.

निघताना ब्लँकेट परत मागायचं माझ्या जिवावर आलं. आजींनीही ते सोडलं नाही. मरियम हल्ली शनिवारी त्या घसरणीवर शिकायला जाते, आपटते, आणि पुढच्या स्पर्धेबद्दल 'आमची' म्हणून बोलते.

मी मात्र आईला काहीच सांगितलं नाही. फोटोचं विचारलं की म्हणायचो, पाठवतो. बाबा पुढच्या रविवारी नेहमीसारखे जेवून गेले. पासाबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला राग होता, आणि रागाचीच लाज वाटत होती.

घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगतो. पण मनात चित्र येतं ते कपाटावरच्या रिकाम्या जागेचं, अल मनखूलच्या जेवणाच्या टेबलाचं, आणि बाबांच्या त्या खोलीचं, जिथे मी कधीच झोपलो नाही. इतक्या ठिकाणी सांडलेलं घर गोळा कोण करतं, हे मला कळत नव्हतं.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "ती म्हातारी बरी आहे ना? ब्लँकेट तिलाच दिलंस, चांगलं केलंस."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बाबांनी. त्याच दिवशी. म्हटलं, तू कधी सांगतोस बघू."

"ते आलेच नाहीत, आई."

"आले होते. बाहेर मॉलमध्ये, मोठ्या काचेशी उभे होते, संपेपर्यंत. म्हणाले, आत गेलो असतो तर पोराचं लक्ष माझ्याकडं राहिलं असतं. आणि काच चांगली जाड बसवलीय म्हणाले."